बेडूकडोळी मोटार आणि घरगुती दुरुस्तीची विद्या

चाक आणि बैठक यांच्यामध्यें कांहीं तरी लवचिक वस्तु असावी, ही कल्पना जुनीच आहे. परंतु ती नीट साधावयास मनुष्यास शतकें लागलीं. आपल्या साध्या बैलगाडीच्या आंसाला कमान नसते. चाक दगडावर चढलें कीं त्याचा धक्का थेट गाडीवानाच्या मणक्यांत उतरतो. १६७८ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें आपला प्रसिद्ध नियम मांडला. स्प्रिंग जितकी ताणावी अथवा दाबावी तितक्याच प्रमाणांत ती उलट जोर करते, असा तो नियम. पुढें सुमारें सव्वाशें वर्षांनीं, १८०४ सालीं, लंडनच्या ओबाडाया इलियट नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचें पेटंट घेतलें, आणि घोडागाडीचा प्रवास सुसह्य झाला.

मोटार जन्मास आली तेव्हां तिनें या कमानी जशाच्या तशा उचलल्या. परंतु वेग वाढतांच दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अशी कीं, दबलेली कमान मोकळी झाली म्हणजे एकदांच वर येऊन थांबत नाहीं. ती कांहीं काळ खालीं-वर झुलत राहते. हें झुलणें शमविण्यासाठीं शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले. पुढें रूढ झालेल्या प्रकारांत तेल बारीक छिद्रांतून दाबलें जातें आणि हेलकाव्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. दुसरी अडचण वळण्याची. पुढचें चाक खालीं-वर व्हावें आणि डावी-उजवीकडे वळावेंहि, यासाठीं तें एका उभ्या खिळीवर फिरतें ठेवावें लागलें. या खिळीस कारागीर किंगपिन म्हणतात. अशा रीतीनें जेथें पूर्वीं एक साधा आंस होता तेथें अनेक सांधे झाले. आणि जेथें सांधा तेथें झीज ही आलीच.

या झिजेची काळजी कोणीं वाहावयाची? घोडागाडीच्या काळीं धन्यास ही चिंता नसे. मोतद्दार आणि लोहार तें काम पाहात. प्रारंभींच्या मोटारी बहुधा श्रीमंतांच्या असल्यामुळें पगारी शोफर त्यांची देखभाल करी. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र इंग्लंडांत मोटार हळूहळू सामान्य पगारदाराच्या दारीं आली. गाडी घेण्यापुरती ऐपत आली. ती सांभाळण्यास माणूस ठेवण्याची आली नाहीं.

अशाच बेताच्या ऐपतीच्या हौशी मंडळींसाठीं १९५८ सालच्या मे महिन्यांत ऑस्टिन-हीली स्प्राइट ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार मोंटे कार्लो येथें लोकांपुढें आली. तिचा जनक डोनाल्ड हीली हा १९३१ सालची मोंटे कार्लो रॅली जिंकलेला गृहस्थ. मोटार स्वस्त राहावी म्हणून तींत चालू गाड्यांचेच भाग शक्य तितके वापरलेले होते. ९४८ घन सेंटिमीटरचें एंजिन आणि पुढच्या चाकांची मांडणी ऑस्टिन ए-३५ वरून घेतली. वळविण्याची दांतेरी पट्टी मॉरिस मायनरची. पुढचे दिवे उघडझांप करणारे करावयाचा बेत होता, तो खर्चामुळें सोडला. ते बॉनेटवर तसेच वटारलेले राहिले. म्हणून लोकांनीं तिला बेडूकडोळी असें लाडकें नांव दिलें. अ‍ॅबिंग्डन येथील एम.जी.च्या कारखान्यांत १९६१ पर्यंत या स्वरूपाच्या सुमारें ४९ हजार मोटारी तयार झाल्या.

तिच्या पुढच्या चाकाची रचना पाहण्यासारखी आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची तरफ हाच वरचा बाहू. खालचा बाहू पत्र्याचा दाबून केलेला. त्याच्या टोंकाशीं आटे पाडलेली एक आडवी खीळ किंगपिनचें खालचें टोंक धरून ठेवते. दोहोंच्या मध्यें गुंडाळीची स्प्रिंग. यांत काटकसर मोठी आहे. परंतु या सांध्यांचें आयुष्य सर्वस्वीं वंगणावर अवलंबून असतें. वंगण चुकलें कीं धूळ व पाणी आट्यांत शिरून लोखंड हळूहळू खातें. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. गाडी थोडी भरकटूं लागते, सुकाणूचें चक्र थरथरतें. आणि उपेक्षा पराकोटीस गेली तर सांधा सुटून धांवत्या गाडीचें चाक निखळूं शकतें. तेव्हां हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे, प्राणाचा आहे.

हीच मोटार एका ग्रंथमालेस कारणीभूत झाली. जॉन हेन्स याचा जन्म १९३८ सालचा, सिलोनमधील चहाच्या मळ्यावरचा. पुढें इंग्लंडांत शिकत असतां त्यानें जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीची नव्यानें बांधणी केली आणि ती कशी केली याची एक पुस्तिका १९५६ सालीं स्वतःच काढली. पुढें तो विमानदलांत गेला व एडन येथें त्याची नेमणूक झाली. हें एडन १९३२ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याच्या कारभारांत होतें, हें ध्यानांत असूं द्यावें. तेथें एका सहकाऱ्यानें जुनी बेडूकडोळी स्प्राइट घेतली. कारखान्याची पुस्तिका सामान्य माणसास उपयोगाची नव्हती. ती शिकलेल्या यांत्रिकासाठीं लिहिलेली. म्हणून दोघांनीं मोटार खोलली, पुन्हा जोडली, आणि प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र घेतलें. त्यांतून १९६६ सालीं पुस्तक निघालें. पहिल्या आवृत्तीच्या ३००० प्रती तीन महिन्यांच्या आंत संपल्या. हेन्स २०१९ सालीं वारला. त्याच्या मालेचीं २० कोटींहून अधिक पुस्तकें जगभर खपलीं आहेत.

ज्यानें जन्मभर मुलांना शिकविलें त्यास या यशाचें मर्म लगेच उमगेल. जाणत्या मनुष्यास जी पायरी सहज वाटते ती तो सांगावयाची विसरतो, आणि विद्यार्थी नेमका तेथेंच अडतो. हेन्सनें आधीं स्वतःच्या हातानें काम केलें, मग लिहिलें; म्हणून पायरी सुटली नाहीं.

उदाहरणच घेऊं. गाडी उचलल्यावर नुसत्या जॅकवर विसंबूं नये. चौकटीखालीं भक्कम आधार द्यावेत. चाक वरून व खालून धरून हलवावें. तें डुलत असेल तर दुसऱ्याकडून ब्रेक दाबवून पुन्हा हलवावें. डुलणें थांबलें तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबलें तर किंगपिनच्या सांध्यांचा. मग स्प्रिंग काढावयाची. ती ज्या ताटलीवर दबून बसलेली असते तिला चार बोल्ट असतात. ते एकामागून एक काढले तर शेवटीं दबलेली स्प्रिंग उसळून मनुष्यास जायबंदी करील. म्हणून तिरपे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागीं लांब बोल्ट घालावयाचे, मग उरलेले दोन काढावयाचे, आणि लांब बोल्टांचे नट आळीपाळीनें थोडथोडे सैल करीत स्प्रिंगेचा जोर उतरवावयाचा. नवे बुश बसविल्यावर त्यांचें भोंक रीमरनें नेमक्या मापाचें करावें लागतें. तें घरीं साधणें कठीण. तेवढें काम यंत्रशाळेंत न्यावें. आपल्या अंगणांत काय करावें आणि काय करूं नये, हें कळणें हाहि या विद्येचाच भाग आहे.

आजच्या बहुतेक मोटारींत किंगपिन उरलेली नाहीं. तिच्या जागीं सीलबंद बॉल-जॉइंट आले. त्यांस वंगण लागत नाहीं, झिजले म्हणजे सबंध भाग बदलावयाचा. यांत सोय आहे व सुरक्षितताहि आहे; तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु गाडीचें ज्ञान जर विकणाऱ्याच्याच पेटींत कुलुपबंद राहिलें, तर मालक पुन्हा शोफरच्या काळांत जातो; फरक इतकाच कीं, आतां शोफर त्याचा नोकर नसतो. म्हणूनच २०१२ सालीं अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स संस्थानाच्या मतदारांनीं मोटारदुरुस्तीची माहिती खुली करणाऱ्या कायद्यास कौल दिला. आणि आपल्या देशांतहि केंद्र सरकारनें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. तिच्या कक्षेंत मोटारींबरोबर शेतीचीं अवजारेंहि आहेत.

श्रोतेहो, प्रत्येकानें आपली मोटार आपणच खोलावी असें माझें म्हणणें नाहीं. परंतु जी वस्तु आपल्या मुलाबाळांना घेऊन रस्त्यावर धांवते, तिचे सांधे कोठें आहेत, ते कशानें झिजतात आणि झिजले हें कसें ओळखावें, इतकें तरी तिच्या धन्यास ठाऊक असावें. दुरुस्ती दुसऱ्यानें केली तरी ती नीट झाली कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य त्या ज्ञानांतूनच येतें.