शहरांतील लहान कॉलेज : फर्ग्युसनची पहिलीं तीस वर्षें

मुलाला अथवा मुलीला कोणत्या कॉलेजांत घालावें हा प्रश्न परीक्षेचे निकाल लागले कीं घरोघर उभा राहतो. वैद्यक किंवा यंत्रविद्या यांकडे वळणाऱ्यांची वाट बरीचशी आंखलेली असते. खरी पंचाईत होते ती भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र अशा विषयांची गोडी असणाऱ्यांची. शहराच्या मध्यवस्तींतलें एखादें लहान कलाशाखेचें कॉलेज पाहावयास जावें, तर इमारत जुनी, मैदान नांवापुरतें, पटावर विद्यार्थी थोडे. आईबाप दाराशींच थबकतात, आणि तें त्यांनीं थबकावें यांत नवल नाहीं. वर्षें मुलाचीं असतात, तीं परत मिळत नाहींत. अशा वेळीं काय पाहावें आणि काय पाहूं नये, हें समजण्यास पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजाच्या बाल्यावस्थेइतकें चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. तें कॉलेज आज लहान राहिलेलें नाहीं. परंतु एके काळीं तें अगदींच लहान होतें.

२ जानेवारी १८८५ रोजीं तें उघडलें तें शनिवार पेठेंतील गद्रे यांच्या वाड्यांत. उद्घाटनास मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजाचे प्रिन्सिपॉल वर्ड्‌स्वर्थ आले होते. इंग्रज कवि वर्ड्‌स्वर्थ यांचे हे नातू. नांव दिलें तें मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचें. ज्या मंडळींनीं हें कॉलेज काढलें त्यांपैकीं दोघे, टिळक आणि आगरकर, कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढून आलेले होते. तुरुंगांतून आलेल्यांनीं गव्हर्नराचें नांव पाटीवर लिहावें याचें कोणास हंसूं येईल; पण संस्था चालवावयाची म्हणजे सरकार आणि संस्थानिक या दोहोंकडे जाणें भाग असतें, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

त्या वेळीं पुण्यांत कॉलेज नव्हतें असें नाहीं. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेंतून वाढत आलेलें डेक्कन कॉलेज येरवड्याच्या बाजूस, नदीपलीकडे, भव्य दगडी इमारतींत १८६८ पासून नांदत होतें. तें सरकारी, प्रिन्सिपॉल युरोपियन, पगार भरघोस, ग्रंथसंग्रह समृद्ध. टिळक आणि आगरकर स्वतः तेथलेच विद्यार्थी. ज्या पालकानें १८८५ सालीं केवळ डोळ्यांनीं निवड केली असती त्यानें डेक्कन कॉलेजच निवडलें असतें, आणि शिक्षणाच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहींच नव्हतें. मात्र टिकण्याच्या दृष्टीनें इमारतीवर विसंबणें किती फसवें असतें पाहा : १९३४ सालीं सरकारनें काटकसरीसाठीं तें कॉलेज बंद केलें, आणि पुढें संशोधनसंस्था म्हणून तें १९३९ सालीं पुन्हां उघडलें. वाड्यांत जन्मलेलें कॉलेज त्या काळांत एक दिवसही बंद पडलें नाहीं.

याचें कारण शिकविणाऱ्या माणसांत होतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें; शास्त्रीबुवा १८८२ सालीं गेले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, ती आजीव सभासदांच्या तत्त्वावर. आजीव सभासद होणाऱ्यानें वीस वर्षें संस्थेंत शिकवावयाचें, पगार महिना सुमारें ७५ रुपये, आणि संस्थेचा कारभारही या शिकविणाऱ्यांनींच पाहावयाचा. सरकारी नोकरींत याच पदवीधरांना याहून पुष्कळ अधिक मिळालें असतें. आतां, अल्प वेतन हा कांहीं गुण नव्हे, आणि शिक्षकाला अर्धपोटी ठेवणाऱ्या संस्थांनीं या उदाहरणाचा आधार घेऊं नये. गुण होता तो निराळाच : आज वर्गावर उभा असलेला माणूस चार वर्षांनींही तेथेंच असेल, हें विद्यार्थ्याला प्रवेश घेतांनाच माहीत असे; आणि कॉलेजाचे निर्णय तोच माणूस घेत असे.

आणि माणसें तरी कशीं? पहिले प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालीं निघाला आणि आजही विद्यार्थ्यांच्या हातांत असतो. १८९२ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते वारले. टिळक गणित शिकवीत. गोपाळ कृष्ण गोखले तर लागेल तो विषय घेत. प्रथम इंग्रजी आणि गणित, पुढें इतिहास आणि अर्थशास्त्र. त्यांना थट्टेनें ‘फर्माल तो प्रोफेसर’ अशा अर्थाचें नांव पडलें होतें. लहान कॉलेजाचा दोष आणि लाभ दोन्ही या थट्टेंत आले. मोठ्या कॉलेजांत प्रत्येक विषयास स्वतंत्र पंडित मिळतो. लहान ठिकाणीं एकाच माणसास तीन विषयांचें ओझें वाहावें लागतें, आणि तो माणूस गोखल्यांच्या तोडीचा नसेल तर विद्यार्थ्याचें नुकसान होतें. म्हणून विषयांची यादी किती लांब आहे एवढेंच पाहून चालत नाहीं. त्या यादीमागें किती माणसें आहेत हें मोजावें लागतें.

या मंडळींत भांडणें झालीं नाहींत असें नाहीं. तीं झालीं, आणि कडाक्याचीं झालीं. आजीव सभासदानें बाहेरचें अर्थार्जन किंवा बाहेरचीं कामें करावीं कीं नाहीं, यावर मतभेद विकोपास गेले. टिळकांचें म्हणणें असें कीं, ज्यानें संस्थेस वाहून घेतलें त्यानें आपला सर्व वेळ तिलाच द्यावा. त्यांतच गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तें टिळकांस पटलें नाहीं. अखेर १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. कॉलेजाच्या दृष्टीनें हा घाव मोठा होता. परंतु रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेसाठीं गोखल्यांनीं मुंबईहून धोंडो केशव कर्वे यांस बोलावून आणलें. १८९१ सालीं आलेले कर्वे १९१४ पर्यंत शिकवीत राहिले. एका माणसाच्या जाण्यानें संस्था कोसळत नाहीं, ती दुसऱ्याला शोधून आणते, हें येथें दिसून आलें.

कर्वे आणि आगरकर यांच्याच बाबतींत या कॉलेजाची खरी कसोटी लागली. आपट्यांच्या मागून आगरकर प्रिन्सिपॉल झाले. ‘सुधारक’ पत्रांतील त्यांच्या लेखांनीं सनातनी पुणें इतकें खवळलें होतें कीं, विरोधकांनीं ते जिवंत असतांनाच त्यांची प्रेतयात्रा काढली. कर्व्यांनीं १८९३ सालीं विधवेशीं पुनर्विवाह केला. त्यांच्या गांवानें त्यांस वाळींत टाकलें. ज्या शहराच्या वर्गण्यांवर आणि ज्या शहराच्या मुलांवर कॉलेज चालावयाचें, त्याच शहराच्या रोषास पात्र झालेले हे दोघे. तरीही आगरकर १८९५ सालीं मृत्यु येईपर्यंत प्रिन्सिपॉलच्या खुर्चीवर राहिले, आणि कर्व्यांची नोकरी गेली नाहीं. अनाथ बालिकाश्रम त्यांनीं येथें शिकवीत असतांनाच १८९६ सालीं काढला. हें सोपें नव्हतें. कॉलेज निवडूं पाहणाऱ्यानें विचारावा असा प्रश्न यांत दडलेला आहे : गांव एखाद्या अध्यापकावर उलटलें, तर हें कॉलेज त्याच्या पाठीशीं उभें राहील काय?

या धैर्यालाही मर्यादा होती, ती सांगितली पाहिजे. १८९५ सालीं कॉलेज पेठेंतून निघून चतुःशृंगीच्या बाजूच्या माळावर, टेकडीच्या पायथ्याशीं गेलें. इमारतीसाठीं पैसा जमविण्याचें काम मुख्यतः गोखल्यांनीं दारोदार हिंडून केलें. १९०२ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्रिन्सिपॉल झाले. हे १८९९ सालीं केंब्रिजांत सीनियर रँग्लर झालेले पहिले हिंदी विद्यार्थी. मोठाल्या पगारांच्या वाटा खुल्या असतां ठरलेल्या शब्दाप्रमाणें ते येथें परत आले. अशा या उदार बुद्धीच्या प्रिन्सिपॉलनें १९०५ सालीं, विदेशी कापडांच्या होळीनंतर, विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहांतून काढून टाकलें. टिळकांनीं ‘केसरी’तून त्यावर कठोर टीका केली. ती टीका बव्हंशीं योग्यच होती. अध्यापकाच्या मताला जेवढी मोकळीक मिळाली तेवढी विद्यार्थ्याच्या मताला मिळाली नाहीं. सरकारी मान्यता आणि अनुदान यांवर चालणाऱ्या संस्थेचा हात कोठें आंखडतो, हें या प्रकरणांत दिसतें.

शहर जवळ असल्याचा लाभ मात्र विद्यार्थ्यांस अखंड मिळत राहिला. नगरवाचनालय, वसंत व्याख्यानमाला, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या हीं सर्व पायीं जाण्याच्या अंतरावर. कॉलेजामागच्या टेकडीवरच १९०५ सालीं गोखल्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. जें वर्गांत शिकावयाचें तें संध्याकाळीं शहरांत प्रत्यक्ष चाललेलें दिसे. वनांतल्या आश्रमवजा कॉलेजांत शांतता अधिक असेल. इतिहास आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्यास ही गजबज अधिक उपयोगी.

आजच्या पालकानें चौकशीस जावें तें हें सर्व ध्यानांत ठेवून. किती अध्यापक कायम आहेत आणि किती तासिकेच्या तत्त्वावर नेमलेले आहेत, हें आधीं विचारावें. हा आंकडा माहितीपत्रकांत क्वचितच छापलेला असतो. हवा असलेला विषय अनुदानित तुकडींत आहे कीं विनाअनुदानित, यावर शुल्क पुष्कळ बदलतें. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हातीं असतात, पदवी मात्र विद्यापीठाची; ही मोकळीक तेथील अध्यापकांनीं कशी वापरली, तें जुन्या प्रश्नपत्रिका मागून पाहिल्यास अर्ध्या तासांत कळतें. ग्रंथालयांत जाऊन पुस्तकांच्या संख्येऐवजीं त्यांवरील देवघेवीच्या तारखा पाहाव्या. आणि शक्य झाल्यास तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यास, त्याचें नांव किती अध्यापकांस ठाऊक आहे, एवढें विचारावें.

फर्ग्युसनमध्यें पुढेंही अशीं माणसें येत गेलीं. पदवीशिवायच पाली भाषेंत पारंगत झालेले धर्मानंद कोसंबी, अमेरिकेंतील हार्वर्डचें काम आटोपून १९१२ सालीं येथें पाली शिकविण्यास आले आणि सहा वर्षें राहिले. परांजप्यांच्या घरीं वाढलेली एक मुलगी याच कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकून १९२६ सालीं पदवीधर झाली. पुढें इरावती कर्वे या नांवानें ती ओळखली गेली. तिचे पति दिनकर, म्हणजे धोंडो केशवांचे चिरंजीव, याच कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत.