देवळालीहून समुद्रतळाकडे : पाण्याखालच्या छायाचित्रणाचा इतिहास

देवळाली कॅम्प आणि समुद्र यांचा संबंध काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. कसारा घाटाच्या वर, दारणेच्या खोऱ्यालगत वसलेली ही छावणी कोरड्या हवेसाठी प्रसिद्ध. तरीही या गावाचे समुद्राशी एक जुने नाते आहे, आणि ते वाट पाहण्याचे आहे. १८६१ साली इंग्रजांनी येथे लष्कराचा तळ उभारला. मायदेशी परतणारे गोरे शिपाई येथे थांबून मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत. ही जहाजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळातच निघत. ज्याचे जहाज चुकले त्याला पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. उकाडा, रिकामपण आणि आजारपण यांनी माणसे भ्रमिष्ट होऊ लागली, आणि इंग्रजी भाषेला ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग मिळाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपलाच ‘ताप’.

आज याच पठारावरची माणसे सुट्टी काढून तारकर्लीला, अंदमानला किंवा लक्षद्वीपला जातात, पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारतात आणि हातात कॅमेरा असला तर परत येताना निळीशार, धुरकट छायाचित्रे घेऊन येतात. डोळ्यांना दिसलेले रंग गेले कुठे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास पाहू लागलो की वाटेत आपले नाशिकही भेटते.

लुई बूताँ हा फ्रेंच जीवशास्त्रज्ञ. भूमध्य समुद्राकाठच्या बान्यूल येथील प्रयोगशाळेत काम करताना तो पाणबुड्याचा जड पोशाख घालून तळाशी उतरायला शिकला. जे दिसले ते शब्दांत किंवा रेखाटनात पुरेसे उतरत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या भावाने, ओग्युस्तने, कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी तयार केली आणि १८९३ साली बूताँने समुद्रात छायाचित्रे घेतली. उजेड इतका अपुरा, की एकेका चित्रासाठी काच अर्ध्या तासापर्यंत उघडी ठेवावी लागे. पुढे त्याने मॅग्नेशियम जाळून उजेड पाडण्याची खटपट केली. समुद्राचे चित्र घ्यायचे तर उजेड बरोबर न्यावा लागतो, हा धडा येथे पहिल्यांदा गिरवला गेला.

त्याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी सर्वांत आधी गिळते. पाच-दहा मीटर खोलीवर तो जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो तो निळा आणि हिरवा. मेंदू आठवणीच्या बळावर रंग भरून घेतो, कॅमेऱ्याला तशी आठवण नसते. शिवाय पाण्यातील वस्तू प्रत्यक्षाहून सुमारे पाव अंतराने जवळ भासते. म्हणून नवशिक्याला सांगितले जाते ते इतकेच : जवळ जा, म्हणजे मधले पाणी कमी होईल, आणि फ्लॅश भिंगापासून दूर, बाजूला धरा, म्हणजे तरंगणारे कण बर्फासारखे चमकणार नाहीत. त्याआधी अर्थातच अधांतरी स्थिर राहणे यावे लागते. हातपाय मारणाऱ्याला चित्र मिळत नाही, आणि तळाची माती मात्र ढवळली जाते.

बूताँ स्वतः पाण्यात उतरला. जॉन अर्नेस्ट विल्यमसनने दुसरा मार्ग काढला. १९१४ साली बहामा बेटांजवळ त्याने जहाजाखाली एक लोखंडी नळी सोडली. तिच्या टोकाशी काचेची खिडकी असलेल्या गोलात कोरडे बसून त्याने चलच्चित्रे घेतली.

तिसरा मार्ग नाशिकचा, आणि तो समुद्राला न शिवणारा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर मुंबई सोडून नाशिकला आले. १९१९ साली त्यांनी ‘कालिया मर्दन’ केला. त्यात यमुनेच्या डोहात शिरलेला बाळकृष्ण पाण्याखाली नागाशी झुंजतो. हा डोह कॅमेऱ्याच्या करामतीतून उभा राहिला होता. या चित्रपटाचा मोठा भाग सुदैवाने टिकला आहे. त्याची सुरुवात विशेष पाहण्यासारखी आहे. कृष्णाचे काम फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केले. फाळके आधी तिला तिच्याच रूपात समोर आणतात, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवायला लावतात, आणि मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. म्हणजे बनाव आधी उघड केला जातो आणि प्रेक्षकाने विश्वास ठेवायचा तो त्यानंतर.

हा प्रामाणिकपणा मला पाण्याखालच्या छायाचित्रणाच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. १९२६ साली विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली. त्या माशाचा रंग खरा होता, पण तो दिसला मात्र माणसाने आणलेल्या उजेडात. पुढे १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांच्या श्वसनयंत्राने पाणबुड्याला वरच्या नळीपासून मोकळे केले. १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ हा पेटीविना पाण्यात नेता येणारा कॅमेरा बाजारात आला. साधने हलकी झाली, पण उजेड आणि रंग चित्रकारानेच पुरवायचे ही अट तशीच राहिली. आज तर घरी आल्यावर संगणकावर हवा तेवढा तांबडा रंग ओतता येतो.

येथे प्रश्न नुसत्या सौंदर्याचा राहत नाही. आपल्याकडे १९८० च्या दशकात एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील त्यांचे सहकारी द्वारकेच्या समुद्रात उतरले, तेव्हा तळावरचे दगडी नांगर आणि बांधीव दगड यांची छायाचित्रे हा संशोधनाचा पुरावा होता. प्रवाळांचेही तसेच आहे. पाणी नेहमीपेक्षा तापले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारी शैवाले गमावतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. अशा वेळी रंग हाच पुरावा असतो. फिकट पडलेल्या प्रवाळाला ‘छान दिसावे’ म्हणून रंगवणारा हौशी छायाचित्रकार एका आजाराची खूण नकळत पुसून टाकतो.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आज असंख्य मराठी माणसे आयुष्यातली पहिली बुडी मारतात. त्यांतल्या प्रत्येकाकडे कॅमेरा असू शकतो, म्हणजेच आपल्या किनाऱ्याला इतके साक्षीदार पूर्वी कधीच नव्हते. या साक्षीला मोल यावे यासाठी फार काही लागत नाही. प्रवाळावर पाय न टेकता चित्र घ्यावे, मूळ चित्र जपून ठेवावे, आणि तारीख, जागा, खोली, फ्लॅश वापरला की नाही, एवढे चार शब्द टिपून ठेवावेत. फाळक्यांनी पडद्यावर आधी आपली मुलगी दाखवली आणि मग कृष्ण. आपणही आधी उजेड कुठून आणला ते सांगावे आणि मग समुद्र दाखवावा.