आतड्याला जागे ठेवणारे थेंब

माझी नात सातव्या महिन्यातच जन्मली. नाशिकच्या एका रुग्णालयात ती काचेच्या पेटीत होती. साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, सारे थेट शिरेतून चाललेले. तरीही परिचारिका दर काही तासांनी सुनेच्या दुधाचे चार थेंब बारीक नळीतून तिच्या पोटात सोडी. मी विचारले, "शिरेतून सगळे मिळते, मग हे कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे पोट भरायला नाही, आजोबा. आतड्याला जागे ठेवायला आहे."

या वाक्यामागचा इतिहास मी पुढे वाचून काढला.

एके काळी ज्याचे आतडे निकामी झाले, त्याची उपासमार अटळ असे. अमेरिकेत डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून पोषण देऊन वाढवली. १९६७ साली फिलाडेल्फियात हीच पद्धत एका नवजात मुलीसाठी वापरली आणि तिचे वजन वाढू लागले. पुढे या पद्धतीने असंख्य जीव वाचले.

पण शरीर पोसले गेले तरी आतडे उपाशीच राहते. त्याच्या अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत बदलतात. अन्न आतून गेले नाही, की अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे खुरटतात आणि जंतूंना अडवणारी भिंत दुबळी होते. प्राण्यांत हे फार ठळक दिसते, माणसात काहीसे कमी.

पेशींना वाढीचा निरोप देणारी द्रव्ये म्हणजे वृद्धिघटक. त्यातला एक स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. तो टोचल्यावर उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत. या कामासाठी कोहेन १९८६च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. शिरेतून पोसलेल्या उंदरांना हा घटक दिला, तेव्हा आतड्याची झीज कमी झाली. तोच आपल्या लाळेत आहे आणि आईच्या दुधात आहे. चिकात तर अधिक. आतड्याची वाढ करणाऱ्या दुसऱ्या एका संप्रेरकावरून बनवलेले औषध अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले. आतडे तोकडे उरलेल्या रुग्णांची शिरेतल्या पोषणाची गरज त्याने कमी होते.

आपल्याकडे मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळत नाही, त्यांना तिथे दुसऱ्या आईचे मिळते.

आम्हा मुसलमानांत एका स्त्रीचे दूध प्यालेली मुले सख्खी भावंडे मानतात, त्यांच्यात लग्नसंबंध होत नाहीत. दाती कोण हे कळत नसल्याने पेढीच्या दुधाबद्दल काही घरांत शंका निघते. ती मी हसण्यावारी नेणार नाही. सुनेला दूध आले म्हणून आमच्यावर ती वेळ आली नाही. आली असती, तर मी होच म्हटले असते. नातीला या जगात आणखी एक दूधआई लाभली, असे मानले असते.