रिंगमधल्या नावांची कुळकथा

निफाड तालुक्यातल्या गावजत्रांत दंगलीची सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते. अंगाला माती फासलेली चिमुरडी पोरं झटापट करतात आणि मूठभर रेवड्या घेऊन घरच्यांकडे धूम ठोकतात. उन्हं कलली की मोठ्या जोड्या लागतात. मग पुकारणारा पैलवानाच्या नावासोबत त्याचं गाव आणि तालीम खणखणीत आवाजात सांगतो.

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये याच्या नेमकी उलटी रीत पडली. तिथे कित्येकांनी आपलं मूळ झाकून दुसरं नाव घेतलं.

हातमोजे आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या सांगणारे क्वीन्सबेरी नियम 1867 मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मात्र हा खेळ गाजवला आयरिश स्थलांतरितांच्या पोरांनी. 1845 पासून बटाट्याचं पीक सडलं, आयर्लंडात उपासमार झाली आणि लाखो माणसं अटलांटिक ओलांडून गेली. अशाच आयरिश आईबापांचा मुलगा जॉन सलिव्हन 1882 मध्ये हेवीवेट विजेता झाला. आयरिश नावावर तिकिटं खपू लागली, तेव्हा इतरांनीही ती नावं घेतली. इटालियन वंशाचा आंद्रेआ कियारिग्लिओने ‘जिम फ्लिन’ झाला, तर ज्यू घरातला व्हिन्सेंट शीअर ‘मशी कॅलहन’. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीतल्या बेंजामिन लायनरचं कारण वेगळं होतं. पोरगा मारामारी करतो हे आईला कळू नये म्हणून तो बेनी लिओनार्ड झाला आणि 1917 ते 1925 लाइटवेट जगज्जेता राहिला.

वाइनबर्ग आणि अॅरंड या अभ्यासकांनी 1952 मध्ये आघाडीच्या बॉक्सरांची वंशवार क्रमवारी मांडली. 1909 आणि 1916 मध्ये आयरिश पहिले, 1928 मध्ये ज्यू, 1936 मध्ये इटालियन, 1948 मध्ये कृष्णवर्णीय. शहरात नवा आलेला, सर्वांत तळाचा समाज रिंगमध्ये उतरे. पुढच्या पिढीला दुकान, शाळा, कचेरी मिळाली की ती बाहेर पडे. कृष्णवर्णीयांच्या वाटेत मात्र गरिबीसोबत वर्णाची भिंतही होती. सलिव्हनने त्यांच्याशी लढायलाच नकार दिला होता. 1915 मध्ये जॅक जॉन्सन हरल्यावर हेवीवेट किताबासाठी कृष्णवर्णीयाला पुढची संधी मिळाली ती थेट 1937 मध्ये, अलाबामाहून डेट्रॉइटला आलेल्या कुटुंबातल्या जो लुईसला. तो जिंकला.

भारतात हा खेळ रुजला तो गोऱ्या शिपायांच्या छावण्यांत, मिशनरी शाळांत आणि रेल्वे वसाहतींत. निफाड स्टेशनावरून जाणाऱ्या मार्गावरच देवळालीची छावणी आहे, इगतपुरी आणि मनमाड ही रेल्वेची गावं आहेत. रेल्वेच्या नोकऱ्यांत अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाचे लोक, मोठ्या संख्येने होते. 1925 मध्ये मुंबई इलाख्याची हौशी बॉक्सिंग संघटना उभी राहिली. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघात बाबू लाल, बिनॉय बोस यांच्या जोडीला रॉबर्ट क्रॅन्स्टन आणि जॉन नटॉल ही अँग्लो-इंडियन नावं होती. 1952 च्या हेलसिंकीला ऑस्कर वॉर्ड आणि रॉन नॉरिस. शेतकऱ्याच्या पोराची वाट वेगळी होती, तालमीची. त्याच हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं.

पुढे असंख्य अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली आणि संघाच्या यादीतली त्यांची नावं विरळ होत गेली. त्यांच्या जागी फौजेतली नावं आली. हरियाणाच्या हवा सिंग यांनी 1966 आणि 1970 अशी दोन एशियाड सुवर्णपदकं आणली. मग मणिपूरची पाळी आली. अनाथाश्रमात वाढलेला डिंग्को सिंग 1998 च्या बँकॉक एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकला, आणि शेतमजूर आईबापांची मेरी कोम सहा वेळा जगज्जेती झाली. गरिबी सगळीकडेच होती. फरक पडला तो जवळ भरतीचं केंद्र, प्रशिक्षण आणि खेळाडूला नोकरी होती की नाही याने.

निफाडला लागून असलेल्या चांदवड तालुक्यातल्या टंचाईग्रस्त तळेगाव रोहीत हेच दिसलं. विहिरी खोदणाऱ्या बापाचा मुलगा 2012 मध्ये फौजेत गेला. सहा फुटांहून उंच गडी पाहून फौजेने त्याच्या हातात वल्हं दिलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तो एकटा भारतीय होता, तेरावा आला. नाशिक जिल्ह्यात त्याची ओळख आजही दंगलीच्या रीतीनेच करून देतात, गावाचं नाव आधी: तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ.