न दिसणारे शिकवावे कसे?

श्रोतेहो, आज सकाळी तुम्ही भाकरी खाल्ली असेल. तिचे पुढे काय झाले? पोटात गेली, पचली, अंगाला लागली. एवढे आपण कोणीही सांगू. पण ‘अंगाला लागली’ या दोन शब्दांत शेकडो रासायनिक क्रिया दडलेल्या आहेत. त्यांचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे जीवरसायन. विद्यापीठात हे शास्त्र शिकवणे मोठे अवघड काम. यातले काही डोळ्यांना दिसत नाही, आणि नावे तर अशी की जीभ अडखळावी. खेड्यातून आलेला विद्यार्थी ती घोकतो, परीक्षेत उतरवतो आणि महिन्याभरात विसरतो. मीही त्यांतलाच एक होतो. असे विद्यार्थी मग स्वतःलाच मठ्ठ समजू लागतात, आणि शास्त्राला कायमचे मुकतात. हे टळावे म्हणून काही अध्यापकांनी ज्या युक्त्या योजल्या, त्यांची ही हकिकत.

पहिली युक्ती नकाशाची. इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात डोनाल्ड निकल्सन नावाचे अध्यापक होते. पुस्तकांत साखरेची वाट एका प्रकरणात, चरबीची दुसऱ्यात, प्रथिनांची तिसऱ्यात. त्या एकमेकींना कुठे मिळतात, हे काही केल्या ध्यानात येत नसे. निकल्सन यांनी १९५५ साली सुमारे वीस वाटा एकाच कागदावर काढल्या. तालुक्याच्या नकाशात कोणता रस्ता कोणत्या फाट्याला लागतो हे जसे दिसावे, तसे ते दिसू लागले. हा तक्ता देशोदेशींच्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर लागला आणि त्याच्या बावीस आवृत्त्या निघाल्या.

पण नकाशावर गाडी धावत नाही! क्रिया घडते कशी, हे दाखवायचे तर हालचाल हवी. ती दाखवली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात, १९७१ साली. विषय होता पेशीत प्रथिन कसे तयार होते हा. पेशीच्या मूळ आराखड्यातून एक निरोप निघतो, त्याला ‘निरोप्या आरएनए’ म्हणू. रायबोसोम नावाचा दोन भागांचा कारखाना तो निरोप वाचतो. वाहक आरएनए एकेक ॲमिनो आम्ल घेऊन येतात, आणि निरोपातल्या क्रमाने त्यांची माळ ओवली जाते. ती माळ म्हणजे प्रथिन.

रॉबर्ट ॲलन वाइस यांनी यावर एक बोलपट तयार केला. आरंभी प्राध्यापक पॉल बर्ग फळ्यापाशी उभे राहून विषय समजावून देतात. मग कॅमेरा उघड्या मैदानावर जातो. तिथे विद्यार्थ्यांचा मोठा मेळा जमलेला. कोणी निरोपाची लांब रांग झाले आहेत, कोणी रायबोसोमचे घोळके, कोणी वाहक. वाद्ये वाजतात, निवेदक गमतीचे काव्य म्हणतो, आणि नाचत, गडबडत, धडकत प्रथिन तयार होते. आपल्याकडच्या जत्रेतल्या लेझमीसारखाच थाट! हेच बर्ग पुढे १९८० साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला या खेळात सामील होताना कमीपणा वाटला नाही, हे आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

मात्र एक सांगायला हवे बरं का. विद्यार्थ्यांना डोळे असतात, आपण कुठे जायचे हे ठाऊक असते. रेणूंना ते नसते. ते इकडेतिकडे आदळत असतात आणि योग्य जोड जमली तरच काम होते. नाच संपल्यावर हा फरक शिक्षकाने सांगितला पाहिजे. दाखला कुठवर लागू पडतो, हेही शिकवायचेच असते.

तिसरी युक्ती गाण्याची. लंडनच्या चेल्सी कॉलेजातले हॅरल्ड बाउम यांनी शरीरातील क्रियांवर गाणी रचली, तीही सर्वांच्या ओठांवर असलेल्या चालींत. त्यांचे पुस्तक १९८२ साली निघाले, आणि त्याला प्रस्तावना होती खुद्द हान्स क्रेब्ज यांची. क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेले चक्र आपल्याला रहाटगाडग्यासारखे समजून घेता येईल. चार कार्बनांच्या रेणूत दोन कार्बनांचा तुकडा येऊन मिळतो आणि लिंबात असते ते सायट्रिक आम्ल तयार होते. वाटेत दोन कार्बन कर्बवायूच्या रूपाने निघून जातात, शक्ती मिळते, आणि चार कार्बनांचा रेणू पुन्हा भरून घ्यायला मूळ जागी येतो. आपल्या उच्छ्वासातला बराच कर्बवायू याच रहाटावरून येतो.

आता आपल्या मुंबईकडे वळू. डॉ. कमला सोहोनी यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला आणि पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्यावर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधनाला काय घेतले? नीरा, कडधान्ये, भाताचे पीठ. गरिबाच्या घरचे अन्न! प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे द्रव्य आपल्या आतड्यात असते. त्याला अडवणारे पदार्थ पावट्यातून स्फटिकरूपात वेगळे केल्याचे त्यांनी १९५५ साली एका सहकाऱ्याबरोबर ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. असे पदार्थ बऱ्याच अंशी उष्णतेने निकामी होतात. वाल नीट शिजवूनच खावेत, हे आपल्या आजीला ठाऊक होते. त्यामागचे एक कारण प्रयोगशाळेतून असे पुढे आले.

शिक्षक मित्रहो, नकाशा, नाच आणि गाणे यांना पैसा फारसा लागत नाही. गावात लेझीम आहे, भारूड आहे, आणि प्रत्येक घरात चूल आहे. उद्या वर्गात पचनाचा धडा काढाल, तेव्हा पुस्तक उघडण्याआधी मुलांना एवढेच विचारा : काल रात्री काय जेवलात, आणि त्याचे पुढे काय झाले असेल? धडा तिथूनच सुरू होऊ द्या.