लाल ठिपका

१९८६ च्या मे महिन्यात आम्ही आजीच्या रेकॉर्डी भंगारवाल्याला विकल्या. आम्ही म्हणजे मामाने ठरवलं, मामीने भाव केला आणि अकरा वर्षांच्या मी दोन गठ्ठे वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत नेऊन दिले. (मामा, तू हे वाचणार हे मला ठाऊक आहे. तुला दोष देत नाहीये.) वाडा पाडायचा होता, नवी जागा दोन खोल्यांची, फोनोची स्प्रिंग कधीचीच तुटलेली आणि घरात नवाकोरा टू-इन-वन आलेला. कॅसेट खिशात मावते. प्लेटी कोण सांभाळणार? आजी रेकॉर्डींना प्लेटीच म्हणायची. तिने आतून एवढंच विचारलं, "त्यात केसरबाई आहे, बघितलंस का रे?" मी म्हटलं, हो. बघितलं नव्हतं.

त्या प्लेटी ओळखायची एक खूण आहे. गणपतीत आजीच्या रेकॉर्डी आळीत सगळीकडे उसन्या जायच्या आणि परत येताना हमखास अदलाबदल व्हायची. म्हणून दाराला लावून उरलेल्या लाल ऑइलपेंटचा एक ठिपका ती लेबलवर द्यायची, मधल्या भोकाच्या जरा खाली. त्या ठिपक्याच्या मागे मी गेली वीसेक वर्षं आहे.

जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार या दोन ठिकाणी माझे किती रविवार आणि शुक्रवार गेले त्याचा हिशोब बायकोकडे आहे. :) सुरुवातीला मी भाबडा होतो. नाव वाचायचं, पैसे द्यायचे, घरी यायचं. मग कळलं की रेकॉर्ड आधी उजेडात तिरकी धरून बघायची. सुईने खाल्लेल्या खाचा राखाडी दिसतात, न वाजलेल्या काळ्याभोर चमकतात. मग कडेला बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारायची. अखंड असेल तर खणखणते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. मडकं घेताना करतो तसंच. आणि पाकिटावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. बालगंधर्वांच्या पाकिटातून मी एकदा इंग्रजी उच्चार शिकवणारी रेकॉर्ड घरी आणली आहे.

या जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी प्लॅस्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तीच ही लाख. छोटा नागपूरकडून ती जगभर जायची. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तापवून दाबली की झाली तबकडी. म्हणजे बांगडी आणि गाणं एकाच किड्याच्या जिवावर. हातातून निसटली की दोन्हींची गत एकच! आणि लाख पुन्हा वितळते, हे तिच्या मुळावर आलं. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी गोळा करून, वितळवून त्यांच्या नव्या केल्या. कुणाचे आवाज त्यात विरघळले असतील, देव जाणे.

आपल्याकडे हे सगळं सुरू झालं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग यंत्रसामग्री घेऊन लंडनहून बोटीने आला. मायक्रोफोन नव्हताच, तो यायला १९२५ साल उजाडायचं होतं. भोंग्यात तोंड घालून गायचं. मोठे उस्ताद त्याच्या वाऱ्याला उभे राहीनात. पुढे आल्या त्या गौहरजानसारख्या पेशेवर गायिका. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत कसा बसवायचा हे या बायकांनी दाखवून दिलं. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि रेकॉर्डी तिथून छापून यायच्या. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव सांगायची. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि ती गरज उरली नाही. पण त्या आधीची एखादी रेकॉर्ड ऐका. शेवटच्या तानेवरून ती बाई जी झटकन खाली उतरते आणि आपलं नाव ठणकावून सांगते, ते ऐकताना अंगावर काटा येतो.

आणि जे भोंग्यापुढे उभे राहिलेच नाहीत, त्यांचं काय? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. 'स्वयंवर'च्या चाली त्यांच्या, बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य. पण खुद्द बुवांचा आवाज तीन मिनिटंसुद्धा कुठे उरलेला नाही. याउलट अब्दुल करीम खाँसाहेब १९०५ च्या सुमारास भोंग्यापुढे गायले आणि पुन्हा १९३० च्या दशकात, गळा पुरता पिकल्यावर मायक्रोफोनपुढे गायले. १९३७ साली ते गेले, पण आज मी सकाळी चहा घेताना त्यांना ऐकू शकतो. कोण मोठं हा वाद नको. उरलं काय, एवढंच विचारतोय.

आता आमची केसरबाई.

तिच्या त्या प्लेटवर नेमकं काय होतं, हे आमच्या घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. मावशी म्हणते भैरवी. मामा म्हणतो, छे, मालकंस. भैरवी असेल तर गोष्ट जरा गमतीची आहे.

केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. रेकॉर्डिंगचं त्यांना वावडंच होतं, त्यामुळे ध्वनिमुद्रिका मोजक्या. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवायचं ठरवलं, तेव्हा भारतातर्फे काय पाठवावं यावर रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंची भैरवी सुचवली. पण ती एलपी बाजारात मिळेना! निवड करणाऱ्या मंडळींपैकी ॲन ड्रुयन न्यूयॉर्कभर फोन करत सुटली. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखाली, धूळ खात पडलेल्या खोक्यात तीन प्रती सापडल्या. न उघडलेल्या. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. टेबलाखालचं खोकं! मंडळी, आम्ही दुसरं काय करतो? टेबलाखालीच तर बघतो.

साडेतीन मिनिटांची ती भैरवी २० ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला अशी दोन यानांतून निघाली. १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या. पहिलं व्हॉयेजर २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, दुसरं २०१८ मध्ये. आणि आमची प्रत हातगाडीवरून लक्ष्मी रोडच्या दिशेने गेली, बहुधा किलोवर.

आजी त्यानंतर सात वर्षं होती. तिला टू-इन-वनवर केसरबाईंची कॅसेट आणून दिली होती. तिने ती एकदा ऐकली, "छान आहे," म्हणाली आणि पुढे भजनांच्याच लावत राहिली. आपण खोटं बोललो होतो हे तिला सांगायचं राहून गेलं. किंवा तिला माहीतच होतं. असो.

आज माझ्याकडे केसरबाईंच्या तीन ७८ च्या रेकॉर्डी आहेत. एकीवर ठिपका आहे, पण निळा. दुसऱ्या कुणाच्या तरी आजीचा असणार. तिला एक केसासारखा तडा आहे, दर फेऱ्याला टक् असं वाजतं. विकायला काढावी असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा ठेवून दिली. कुणी निळा ठिपका शोधत असेल तर कळवा.

परवा ओळखीच्या एका विक्रेत्याचा फोन आला. शनिवारात एक वाडा उतरवतायत, माळ्यावर दोन ट्रंका निघाल्यात, एकीत प्लेटी आहेत. मी विचारलं, लेबलवर ठिपके आहेत का? तो म्हणाला, साहेब, धूळ एवढी आहे की लेबलंच दिसत नाहीत. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.