इटालियन क्रीडा-मोटारींचा गंज आणि रशियन पोलादाची आख्यायिका

१९७० नंतरच्या दशकातील इटालियन मोटारी लवकर गंजत, याविषयी दुमत नाही. त्याचे जे कारण सांगण्यात येते ते मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. फियात कंपनीने १९६६ साली सोव्हिएत संघाशी करार करून तोल्यात्ती येथे मोटारींचा कारखाना उभारण्यास साहाय्य केले. त्याचा मोबदला हलक्या प्रतीच्या पोलादाच्या रूपाने मिळाला आणि त्या पोलादाने इटालियन मोटारींचा घात केला, अशी ही कथा.

पहिली अडचण कालक्रमाची आहे. मिलान येथील तूरिंग या कारखान्याच्या ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे अतिहलक्या, बांधणीत बारीक पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवीत. १९५७ ची मासेराती ३५०० जीटी याच घडणीची. दोन भिन्न धातूंच्या सांध्यात खारट ओलावा शिरला म्हणजे तेथे जणू विद्युत्-घटच तयार होतो. अधिक क्रियाशील ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. पत्र्याआड दडलेल्या नळ्यांना चढलेला गंज तर बाहेरून दिसतही नाही. तूरिंगचे काम १९६६ सालीच थांबले. करारातून पोलाद आलेच असले, तरी या मोटारी त्यापूर्वीच्या होत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. या कथेत जिचे नाव वारंवार येते ती आल्फासूद मुळी फियातची नव्हतीच. आल्फा रोमेओ तेव्हा सरकारी मालकीची होती. फियातने ती १९८६ साली घेतली. आल्फासूद १९७२ पासून नेपल्सजवळच्या पोमिल्यानो दार्को येथे तयार होऊ लागली, आणि तिच्याच आधारावर १९७६ साली ‘स्प्रिंट’ ही क्रीडा-मोटार निघाली. हिच्या सांगाड्यातील पोकळ भागांत संरक्षणासाठी म्हणून फोम भरलेला असे. तो फोम पाणी शोषून धरी व पत्रा आतून कुजे. पोलादच निकृष्ट असते, तर गंज सर्वत्र सारखा दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात तो पोकळ्यांत, सांध्यांत आणि काचांच्या कडांशी, म्हणजे पाणी जेथे साचते तेथे, आढळतो. दक्षिणेतील कामगारांच्या माथी हा दोष मारण्याचीही रीत आहे. संप झाले हे खरे. पण फोम भरण्याचा निर्णय कामगारांचा नव्हता.

लान्चा कंपनी १९६९ पासून फियातकडे होती, तेव्हा तिच्या ‘बीटा’ला ही कथा निदान लागू पडू शकते. परंतु तेथेही गाजला तो एंजिन पेलणाऱ्या उपसांगाड्याच्या जोडणीचा गंज. १९८० साली ब्रिटनमध्ये त्याचा एवढा बोभाटा झाला की कंपनीला मोटारी परत विकत घ्याव्या लागल्या. १९८८ च्या फियात तीपोच्या पत्र्यांना जस्ताचा मुलामा आला, तो या अपकीर्तीनंतर.

आज या मोटारींचे जतन करणारे पोकळ्यांत मेण सोडतात, पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवतात, दोन धातूंमध्ये निरोधक थर घालतात. कुजलेला पत्रा कापून नवा झाळला जातो आणि जुना भंगारात जातो. गंज नेमका कोठून लागला हे सांगणारा पुरावा त्याच तुकड्यांवर असतो.